डाव्या कोपऱ्यातली पिवळी खिडकी

...आणि वर तोंड करून तो फ्रेमवाला म्हणतो काय, तर ‘साहेब, सगळं सारखंच तर आहे.’ आता तुम्हीच सांगा, ज्या माणसाने अकरा आठवडे खपून चंद्रावर खोली बांधली, त्याने यावर करावं काय? हसावं? रडावं? का तिथलाच हातोडा उचलून... नाही, तो असलं काही करणार नाही. तो फ्रिजवाला. लोकांचे बिघडलेले फ्रिज दुरुस्त करतो. तीस वर्षं फ्रिजरमध्ये डोकं घालून घालून त्याचा स्वभावसुद्धा गार पडलाय.

पहिल्यापासून सांगतो, नाहीतर म्हणाल फ्रिजचा आणि चंद्राचा संबंध काय. संबंध बर्फाचा. फ्रिजरच्या भिंतीवर बर्फ धरतो, त्याला फांद्या फुटतात, फांद्यांना फांद्या... ते बघता बघता या गृहस्थाला फ्रॅक्टलचा नाद लागला. फ्रॅक्टल म्हणजे, तुम्हाला सांगतो, कॉम्प्युटरला एक गणित द्यायचं, उत्तर आलं की ते परत त्याच गणितात कोंबायचं, परत, परत, असं लाखभर वेळा, की पडद्यावर नक्षी उगवते. जवळून बघा, तीच नक्षी बारीक. अजून जवळून बघा, पुन्हा तीच. बायकोने चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाली, ‘म्हणजे तुमच्या थोरल्या भावाचं बोलणं. सगळं सारखंच तर आहे.’

तर कुठेसं असल्याच चित्रांचं प्रदर्शन निघालं. विषय: बर्फाळ चंद्रावर माणसाची वस्ती. फ्रिजवाला पेटला. सकाळी कॉम्प्युटरला गणित लावून कामाला जायचा, संध्याकाळी येऊन चंद्र किती वाढला ते बघायचा. कॉम्प्युटर इतका जुना, की बर्फ काढता काढता तापून लाल. घरात असा उकाडा, की बायको त्याच्यासमोर चादरी वाळत घालायची आणि त्या इस्त्री केल्यासारख्या निघायच्या. पण चित्र? बर्फाचे सुळके, सुळक्यांत बोगदे, बोगद्यांत खोल्या, दहा हजार खोल्या. आणि प्रत्येक दाराला रबर. ‘दार नीट लागलं नाही तर इथे दूध नासतं, तिथे माणूस गोठतो,’ म्हणाला, ‘काम तेच.’

एवढ्या खोल्या कशाला? इथेच तर गोम आहे. त्याची आई. तीन मुलं तिला, थोरला, हा आणि धाकटी, आणि आई चार-चार महिने एकेकाकडे. थोरल्याकडे चार खोल्या, पण एकीत नुसती कपाटं, म्हणून आई दिवाणखान्यात, टीव्ही बंद झाला की तिचा पलंग उघडायचा. धाकटीकडे पॅसेजमध्ये. आणि याच्याकडे? याच्या दोन खोल्या, त्यातली एक लोकांच्या उघड्या पडलेल्या फ्रिजनी भरलेली. आईची घडीची खाट दोन फ्रिजच्या मध्ये. त्याला हे कळत नव्हतं असं नाही. कळत होतं म्हणूनच तर चंद्रावर गेला तो, इथे फ्रिज हलवायचे सोडून!

चित्र पुरं होत आलं तसा त्याने आईला धाकटीकडे फोन लावला. ‘आई, बाकी सगळं गणिताने काढलंय, पण खाली डाव्या कोपऱ्यात एक पिवळी खिडकी आहे, ती मी हाताने काढली. ती खोली तुझी.’

आईने विचारलं, ‘कडी आतून आहे का?’

कडी काढायला त्याला आणखी तीन दिवस लागले. माशीच्या डोळ्याएवढी कडी, तुम्हाला सांगतो. प्रदर्शनाच्या दिवशी सगळ्यांदेखत आईला तिथे उभं करायचं आणि बोट दाखवायचं, एवढंच त्याच्या मनात. थोरल्यालाही बोलावलं. थोरला म्हणाला, ‘फोनवर पाठव की. तुझं सगळं सारखंच तर असतं.’

आता आला फ्रेमवाला. चार फूट रुंद कागद त्याच्या हातात देताना आमच्या फ्रिजवाल्याने काय करावं? मुकाट्याने घरी जावं! पण नाही, अभिमान ना! अर्धा तास भाषण दिलं त्याला. ‘याची गंमत माहितेय का? कुठलाही तुकडा घ्या, अख्खं चित्र त्यात सापडतं.’ फ्रेमवाल्याने मन लावून ऐकलं. इतकं मन लावून याचं आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

प्रदर्शनाच्या दिवशी दुपारी हा फ्रेम घ्यायला गेला, तर चित्र तीन फूट. डावीकडचा फूटभर गायब.

‘फ्रेम तयार होती तीन फुटी,’ फ्रेमवाला म्हणाला. ‘तुम्हीच म्हणालात ना, कुठलाही तुकडा घ्या. सगळं सारखंच तर आहे.’

‘आणि ती पट्टी?’

‘वाया नाही घालवली, साहेब. काच खडखडत होती, म्हणून घडी करून मागे चिकटवली.’

नवीन छापायला वेळ कुठला? टांगलं तेच. संयोजक आले, हात मागे बांधून उभे राहिले. ‘माणसाची वस्ती, आणि माणसाचा मागमूस नाही. काय धीट विचार आहे!’ चार जणांनी माना हलवल्या. फ्रिजवाल्याचं अभिनंदन झालं. थोरला आलाच नाही.

आई आली. पिशवी काखेत धरून डाव्या कोपऱ्यात वाकली. चष्मा पुसला. पुन्हा वाकली. मग चुकलं असेल म्हणून उजव्या कोपऱ्यातही बघितलं.

‘आई,’ हा हळूच म्हणाला, ‘खोली मागे गेली. भिंतीकडच्या बाजूला. कापली त्याने.’

‘मागे आहे ना पण?’

‘आहे. दुमडून.’

‘कडी?’

‘कडीसकट.’

तिने घड्याळ बघितलं. ‘निघते मी. साडेसहाला धाकटी बाहेर जाते, किल्ली माझ्याकडे नसते.’ चार पावलं गेली आणि याचं पडलेलं तोंड बघून परत आली.

‘अरे, झालं ते बरंच झालं,’ म्हणाली. ‘समोर असती तर थोरल्याने आतापर्यंत तिथे दोन कपाटं नेऊन ठेवली असती.’