तांड्याची मशीन

गोरेगावहून हिंगोलीला जाणारी जीप भरायची होती. शिला खिडकीशी बसली होती. मागच्या सीटवर तांड्यावरचा पेमा आणि गावातली सखुबाई बोलत होते.

“सुनेला बाळंतपणाला दवाखान्यात खाटेवर नेलं म्हणं, पेमाभाऊ?”

“व्हय. गाडी तांड्यापोत येतच न्हाई.”

“रस्ता होऊन राहिला होता ना?”

“खडी पडली होती. इलेक्शनचा निकाल लागला अन् आमदारानं उचलून नेली.”

“काहून?”

“तांड्यानं त्याला मतं दिली न्हाईत म्हणून.”

“त्याला कसं कळलं? मत तर गुपित असतंय.”

“एकट्याचं असतंय, तांड्याचं न्हाई. पहिलं शिक्के मारलेले कागद साऱ्या गावांचे एकात मिसळून मोजायचे. आता तांड्याची मशीन येगळी, आकडाबी येगळा. त्यानं आकडा पाहिला.”

“अन् लेकरू?”

“वाटंतच गेलं, बाई.”

शिलाला मागं वळून पाहवेना.

“मशीनवाल्यांकडं तक्रार करा की.”

“मशीननं बराबरच मोजलं. आमी दिली तेवढीच मतं दाखवली.”

“मग आता?”

“धाकट्या सुनेला दिवस गेलेत. पुढच्या बारीला तो सांगंल तेच बटण दाबू.”