बायजाच्या चपला

"म्हातारी माणसं पळतील म्हणून त्यांच्या चपला कुलपात ठेवता, लाज कशी वाटत नाय?"

पेण स्टँडवर एसटीच्या रांगेतल्या माना वळल्या. बायजाला त्या वळायलाच हव्या होत्या. वृद्धाश्रमात काम करणारी प्रणिता तिला शोधत धावत आली होती.

"आजी, हळू बोला. अनवाणी आलात? पाय भाजले असतील."

"मिठागरात जन्म गेला गो. मिठानं खाल्ले नाय ते पाय डांबर काय खाणार?"

"पण पळालात कशाला?"

"पळणारी बाई परतीच्या रांगेत उभी राहते काय? सुकट घ्यायला आलेली. तुमच्याकडेच राहायचं ठरवलंय मी. पण बाजाराला मी जाणार."

"आश्रमाचे साहेब ओरडतील."

"लाव फोन त्यांना."

प्रणितानं लावला. बायजानं तो हिसकावलाच.

"साहेब, येतेय मी. पुढच्या बाजाराला मला अडवणार काय? व्हय का नाय, आत्ता सांगा!"