घशात नळी नाही

हॅलो?… हो, ताईच बोलतेय… पोचलो गं बाळाला घेऊन इकडे, केव्हाच. तुझा नवरा खाली फॉर्म भरतोय… ऊठबस करू नकोस तू. सिझरला एक दिवस नाही झाला आणि म्हणे मी पण येते त्या हॉस्पिटलला…

नाही, व्हेंटिलेटर नाही… अगं नाही म्हणतेय ना, घशात नळी नाही. शप्पथ…

हो, हो… अगं ऐक ना. काचेतून सगळं पाहिलं मी. नाकाशी दोन छोट्या नळ्या आहेत, त्यातून हवा सोडतात. पण श्वास घेतोय तो स्वतः… हो, स्वतः. अकराशे ग्रॅमचा जीव… मग औषध दिलं. दुधासारखं पांढरं, अर्धा चमचा असेल. सुतळीहून बारीक नळी श्वासनलिकेत घातली, औषध सोडलं, नळी बाहेर. झालं… बाहेर काढली म्हणजे काढलीच…

तुझ्या चिंगीच्या वेळी नव्हतं गं हे. तिला नळी ठेवावीच लागली… आठवतंय ना, न आठवायला काय झालं. अकरा दिवस. तोंड उघडून रडायची आणि आवाजच नाही… आता बघ, सहा वर्षांची झाली तर तोंड मिटत नाही तिचं…

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कोऱ्या फुग्याच्या बाजू चिकटतात ना, तशी याची फुप्फुसं मिटत होती. औषधाने उघडी राहतात… अगं, त्याला वरून ऑक्सिजन किती द्यावा लागतोय तो आकडा चाळीस होता, जितका कमी तितकं बरं. पस्तीस झाला… तीस… मला वाटलं माझा चष्माच बिघडला. आता पंचवीस. अंगावर काटा आला गं. तोंडात बोट घालून उभी होते नुसती…

नाही, धोका टळला असं नाही म्हणाल्या. दोन-तीन दिवस डोळ्यांत तेल घालून बघायचंय… खोटं कशाला सांगू तुला…

थांब, सिस्टर आत बोलावतायत… हो सिस्टर, हात धुतलेत. फोन या पिशवीत घालू?… बरं… ऐक, दोनच मिनिटं हं. लंगोट बदलतायत त्याचा… अगं बाई, चिडला. पाय झाडतोय बघ कसा…

काय?… थांब, थांब. फोन धरते त्याच्याजवळ…

…ऐकलंस?… मांजराच्या पिल्लाएवढा आहे, पण आवाज आहे गं… हॅलो?… अगं बोल ना काहीतरी…

बरं, रड. टाके सांभाळून, पण पोटभर रड… ठेवते.