मधलं बाकडं

सन्माननीय अध्यक्ष, आदरणीय पाळकसाहेब, व्यासपीठावरील वडीलधारी मंडळी, आजचे सत्कारमूर्ती, म्हणजे आपल्या मंडळीचे सुतार आणि माझे भाऊजी, आणि पितळी पट्टीच्या अलीकडे-पलीकडे बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

अध्यक्षांनी मला ‘मोजकं बोला’ अशी चिठ्ठी दिली आहे. म्हातारा, त्यात निवृत्त मास्तर आणि त्यातही कवितांचा नाद! त्यांची काळजी रास्त आहे.

पाहुण्यांनी जरा पायाखाली पाहावं. या चर्चच्या दारापासून वेदीपर्यंत फरशीत एक पितळी पट्टी गेलेली दिसेल. त्या पट्टीवर एके काळी जमिनीपासून छतापर्यंत लाकडी पडदी उभी होती. पडदीच्या डावीकडे, जन्मानं यहुदी असून ख्रिस्ताला मानणारी घराणी. उजवीकडे आम्ही परराष्ट्रीय, म्हणजे जन्मानं यहुदी नसलेले. दोन दारं, दोन पाळक, दोन ऑर्गन. छप्पर एक आणि प्रभू एक. आमच्या लहानपणी दोन्हीकडची उपासना एकाच वेळी चाले. डावीकडून गीत ऐकू आलं की उजवीकडचे आवाज चढवत. देवाचं गुणगान कसलं, कुस्तीच ती! आमची आजी म्हणायची, “त्यांच्याकडे खोकला फार आहे.” त्यांच्याकडची आजीही आमच्याबद्दल हेच म्हणायची, हे मला पुढे भाऊजींनी सांगितलं.

मग डावीकडचे पाळक देवाघरी गेले आणि उजवीकडच्या पाळकांनी दोन्हीकडचा भार घेतला. पहिल्याच रविवारी ते म्हणाले, “प्रेषितानं आपल्याला काय शिकवलं? ख्रिस्तानं दोघांचं एक केलं, मधली आडभिंत स्वतःच्या देहानं पाडली. आणि आपण ती दर वर्षी पॉलिश करतो!” उजवीकडे पाहून त्यांनी आणखी सुनावलं, “तुम्ही रानटी झाडाची फांदी. त्यांच्या मुळावर तुमचं कलम झालंय. मुळाला तुम्ही पोसत नाही, मूळ तुम्हाला पोसतं.” दोन्हीकडचे लोक हसले, म्हणजे दोन्हीकडच्यांना लागलं होतं.

पडदी उतरवायला आला तो डावीकडचा तरुण सुतार. एकेक फळी अशी हलकेच सोडवायचा की जणू जखमेवरची पट्टी काढतोय. माझी थोरली बहीण झाडलोट करायला आली होती. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली,

“सुतारदादा, भिंत पाडताय की तिची समजूत काढताय?”

“लाकूड चांगलं आहे, बाई. त्याचा काय दोष?”

“मग त्याचं काहीतरी करा. नुसतं कुरवाळू नका.”

त्यानं त्या फळ्यांचं एक बाकडं केलं आणि मधोमध, पट्टीवरच ठेवलं. वर्ष सरायच्या आत त्या बाकड्यावर ती दोघं नवरा-बायको म्हणून बसली. लग्नाला डावीकडून थोडे आले, उजवीकडून त्याहून थोडे. ताई म्हणाली, “बरंच झालं, जेवण पुरलं.”

आता तुम्ही म्हणाल, पडदी गेली, एकी झाली. झाली का हो? पडदी गेली आणि माणसं आपापल्या जागीच बसली. डावीकडचे डावीकडे, उजवीकडचे उजवीकडे. गाताना डावीकडचे अर्धी मात्रा मागे राहत. ऑर्गन मी वाजवायचो, माझे हाल होत. आणि पहिल्या एकत्र प्रभुभोजनाला, प्रभूच्या स्मरणार्थ वाटायच्या भाकरीची दोन तबकं निघाली. डावीकडचं पट्टीपर्यंत आलं आणि मागे वळलं. उजवीकडचं पट्टीपर्यंत आलं आणि मागे वळलं. प्रत्येकाला वाटलं, मधल्या बाकड्याला पलीकडचा देईल. ऑर्गनवरच्या आरशात मी ते पाहत होतो. सगळी मंडळी जेवली आणि मधली दोघं हात पुढे करून बसून राहिली.

दारात ताई म्हणाली, “एकी आम्ही केली आणि उपाशीही आम्हीच!”

पुढच्या वेळी तिनं काय करावं? डावीकडून आलेलं तबक नवऱ्याच्या हातून घेतलं, स्वतः एक तुकडा घेतला आणि तबक उजवीकडच्या थोरल्या काकांपुढे धरलं. काका पुटपुटले, “अगं, हे त्यांच्याकडचं.”

“काका, त्यांचं-आपलं करत बसलात तर भाकर शिळी होईल.”

काकांनी घेतली. त्या दिवसापासून एकच तबक निघू लागलं. डावीकडून निघायचं, भाऊजींच्या हातून ताईच्या हाती, ताईच्या हातून पलीकडे. शाळेत मास्तर आम्हाला वृत्तं शिकवत. म्हणत, यतीवर क्षणभर थांबायचं, पण चरण तोडायचा नाही. अलीकडचे शब्द आणि पलीकडचे शब्द मिळून एकच ओळ असते. ते मला शाळेत कळलं नाही. कळलं ते ताईचा हात पट्टीवरून पलीकडे जाताना.

ताई मागच्या हिवाळ्यात गेली. शवपेटी पट्टीवरच ठेवली होती. दोन्ही बाजूंचे लोक रडले, पण आपापल्या बाजूला बसून. आणि पुढच्या प्रभुभोजनाला, कुणीही ठरवलं नसताना, पुन्हा दोन तबकं निघाली.

भाऊजींचे हात आता थरथरतात. रंधा कधीच सुटला, हल्ली शर्टाचं बटणही लागत नाही. लेक त्यांना आपल्याकडे नेतेय, दूरदेशी. उद्या सकाळची गाडी. आज सकाळी उपासनेआधी त्यांनी माझी बाही धरली. “मास्तर, तिची माती इथेच सोडून चाललोय. जाण्याआधी एकदा तबक पलीकडे गेलेलं बघायचंय. बाकी काही नको.”

मी आरशात पाहत होतो. तबक आलं. भाऊजींनी भाकर घेतली आणि ताईच्या रिकाम्या जागेवरून तबक उजवीकडे धरलं. पलीकडच्या बाकावरचे लोक माना खाली घालून आपल्या तबकाची वाट पाहत होते. प्रार्थनाच करत असतील, मी कुणाला दोष देत नाही. मग तबक फिरवणारा आपला गुणी मुलगा लगबगीनं आला. “द्या काका, सांडेल,” म्हणाला. फार मायेनं त्यानं ते हातातून घेतलं आणि डावीकडे परत नेलं.

भाऊजींचा हात तसाच पुढे राहिला. पुढचं गीत मी कसं वाजवलं, मला ठाऊक नाही.

मघाशी शाल घालताना मी त्यांच्याजवळ वाकलो, तेव्हा ते म्हणाले, “मी नुसतं लाकूड काढलं, मास्तर. बाकीचं काम तिचं होतं.”

अध्यक्षमहाराज, दुसरी चिठ्ठी पाठवू नका, मी आवरतोच आहे. मला बोलू दिलंत, त्याबद्दल मी आपला ऋणी आहे. चर्च झाडणाऱ्या, खुर्च्या मांडणाऱ्या हातांचे आभार. बोलण्याच्या भरात कुणाला टोचलं असेल, काही अधिक-उणं झालं असेल, तर या म्हाताऱ्याला पदरात घ्या.

आता चहा येईल आणि त्याबरोबर पावाची तबकं. ते प्रभुभोजन नव्हे, एवढं मला कळतं. पण भाऊजींची गाडी उद्याची आहे. मी व्यासपीठावरून उतरतोय आणि मधल्या बाकड्यावर भाऊजींच्या शेजारी, ताईच्या जागेवर जाऊन बसतोय. माझा हात तिच्याइतका लांब नाही.

उजवीकडच्यांनी जरा अलीकडे सरकावं.