मास्तरची मूठ

ठिकाण : रेल्वे पोलीस चौकी, नांदेड. दि. १०/०२/२०१४

मी शेख वाजिद शेख महेबूब, वय ५७ वर्षे, धंदा बँड पार्टी (नवरंग ब्रास बँड), शिक्षण चौथी पास, रा. गूळ मार्केटच्या मागे, लातूर. समक्ष चौकीत येऊन, विचारल्यावरून सांगतो ते असे :

मला पहिला प्रश्न नांदेडच्या कालच्या कार्यक्रमाच्या मानधनाचा विचारला. मानधन नव्हते. एक शाल, एक नारळ, एक स्मृतिचिन्ह आणि आम्हा सगळ्यांना जेवण मिळाले. आमचे गेले ते म्हणजे उदगीरच्या गिऱ्हाइकाचे एक लग्न, जे मी या कार्यक्रमासाठी सोडले, आठवडाभराचा सराव, आणि भीमाशंकर.

भीमाशंकर गुरुलिंग कोरे, वय अंदाजे ६०, हा माझ्या पार्टीत बास वाजवत होता. बास म्हणजे खांद्यावर घ्यायचा मोठा पितळी भोंगा. आज सकाळी मला दवाखान्यात प्रेत दाखवले. चादर छातीपर्यंत खाली केली, तेवढ्यावर मी तोंड पाहून त्याला ओळखले. पुढे पाहण्यासारखे नाही असे साहेब म्हणाले. मीही म्हटले नाही की दाखवा.

तो मूळचा जुने हिप्परगाळ, ता. औसा येथील. त्र्याण्णवच्या भूकंपात त्याचे घर बसले. बायको आणि दोन लेकरे आत होती. तो रानात पाणी द्यायला गेला होता. बहीण नागुबाई रेणापूरला दिलेली होती म्हणून राहिली. बँडवाल्यांकडे जनरेटर आणि दिवे असतात, म्हणून तेव्हा आमची पार्टी त्या गावांत गेली होती. एकही वाद्य सोबत नव्हते. परत निघालो तेव्हा भीमाशंकर आमच्या जीपमध्ये बसलेला होता. कुठे जायचे ते त्याने सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही. मी स्वतः वरातीत डोक्यावर बत्ती घेऊन चालण्यापासून सुरुवात केलेली आहे, माणूस पाहून काम देतो. त्याची छाती पाहून मी त्याला बास दिला. तो कधी खोलीत झोपला नाही. अंगणात, उघड्या जमिनीवर झोपायचा. रस्त्यावर ट्रक यायच्या आधी उठून बसायचा.

आमच्या कामात कागद समोर नसतो. माझी मूठ वर गेली की वाजवणे बंद. हात उघडला की चालू. लातूरला क्लासेस वाढले तसे या मुठीचे काम वाढले. क्लासच्या गल्लीत वरात शिरली की मूठ वर. मग घोडा, नवरदेव, वऱ्हाड, सगळे मुकाट्याने पाय टाकत जायचे. गल्ली संपली की हात उघडायचा आणि गाणे जिथे सोडले तिथूनच धरायचे. आधी वऱ्हाडी भांडायचे, "मास्तर, मयत हाय का वरात?" म्हणून. आता त्यांचीच लेकरे त्या गल्लीत शिकायला असतात, म्हणून कोणी बोलत नाही.

चारेक वर्षांपूर्वी अशाच एका गल्लीत सगळे थांबले आणि भीमाशंकर एकटा वाजवतच राहिला. मध्ये घोडा आल्याने त्याला माझी मूठ दिसली नव्हती. वरून क्लासचे सर ओरडले, "अरे, परीक्षा चालू आहे, बहिरा आहेस का?" सर रागात बोलले, पण ते खरे होते. मला ते तेव्हाच कळले. मी कोणाला सांगितले नाही, भीमाशंकरलाही विचारले नाही. दुसऱ्या दिवसापासून त्याला पहिल्या रांगेत, माझा मुलगा यासेर याच्या ढोलाजवळ घेतले.

ऐकू येत नव्हते तर वाजवत कसा होता, असे हवालदार साहेबांनी विचारले. साहेब, पायाने. ढोलाचा ठोका जमिनीतून त्याच्या तळपायाला कळायचा. म्हणून वाजवताना तो चप्पल काढून कमरेला खोचायचा. लोकांना वाटायचे, माणूस वाद्याचा मान ठेवतो. आम्हीही तसेच वाटू दिले. बाकी सगळे माझ्या मुठीवर. चार वर्षांत एकदाही चुकला नाही.

नांदेड येथील स्वरगोदा संगीत महाविद्यालयाच्या तनुजा मॅडम जानेवारीत माझ्याकडे आल्या. फुंकून वाजवायच्या वाद्यांचा कार्यक्रम आहे, आमचे विद्यार्थी आणि तुमची पार्टी मिळून वाजवू, असे म्हणाल्या. मॅडमचा हेतू चांगला होता, आजही माझे तेच म्हणणे आहे. इशारे द्यायची काठी घेऊन पुढे त्या उभ्या राहणार. माझ्या माणसांनी खुर्चीवर बसायचे. मी पाहुणा म्हणून पहिल्या रांगेत. आणि सगळ्यांच्या पायांत काळे बूट पाहिजेत, स्टेजवर अनवाणी बरे दिसत नाही. मी हो म्हटले. चौथी पास माणसाला कॉलेजात पहिल्या रांगेत खुर्ची मिळत असेल तर तो बुटासाठी भांडत नाही. बूट मीच घेतले. चालताना वाजू नयेत म्हणून जाड रबरी तळाचे घेतले.

सरावाला भीमाशंकर मला म्हणाला, "मास्तर, ह्या बुटात मला काईच कळंना."

मी त्याला तोंड दिसेल असे समोर उभे राहून सांगितले, "त्या काठीकडं बघू नको. माझ्याकडं बघ. ठोका मी मानेनं देतो. मी समोरच हाय. मूठ उचलली की बस."

"तुमी समोरच बसनार न्हवं?"

"समोर. पहिल्या रांगेत. मधोमध."

एवढे बोलणे झाले.

काल रविवारी दुपारी चारच्या सुमारास कार्यक्रम सुरू झाला. हॉल भरलेला होता. प्रमुख पाहुणे महादेवप्पा सर होते. त्यांचे लातूरला मोठे क्लासेस आहेत आणि कार्यक्रमाचा खर्च त्यांनी उचलला होता. मला माझ्या माणसांची ओळख करून द्यायला माईक दिला. मी जास्त बोललो. भीमाशंकरकडे हात करून म्हणालो, "हा आमचा भूकंपाचा माणूस. रेल्वे अजून मागल्या स्टेशनातून सुटत असती, तवर हा उठून उभा राहतो. सरकारचं भूकंप मोजायचं यंत्र बिघडलं तर याला घेऊन जावा. भाकरी दोन टाईम द्यावी लागंल, बाकी खर्च न्हाई." हॉल हसला. टाळ्या पडल्या. भीमाशंकर माझ्या तोंडाकडे बघून हसला. मी काय बोललो हे त्याला कळले होते का, ते मी सांगू शकत नाही.

पहिल्या तीन चिजा नीट झाल्या. प्रत्येक वेळी मी मूठ उचलली आणि तो थांबला. हॉलमध्ये मूठ वावगी दिसू नये म्हणून मी ती छातीपाशीच धरत होतो. शेजारच्या बाईंना वाटले माझ्या छातीत कळ येते, त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली.

शेवटची चीज चालू असताना निवेदक वाकून माझ्याजवळ आला. महादेवप्पा सरांना उद्या सकाळच्या टेस्टसाठी लातूरला निघायचे आहे, सत्कार आत्ताच उरकू, असे म्हणाला. मी म्हणालो, "चीज होऊ द्या." तो म्हणाला, "मास्तर, संगीत चालू असतानाच बरं दिसतं, फोटोत वाद्यं येतील." मला उभे केले. शाल घातली, डाव्या हातात स्मृतिचिन्ह दिले, उजव्या हातात नारळ. फोटोवाले मध्ये आले. सरांनी माझ्या खांद्यावर हात टाकून मला कॅमेऱ्याकडे वळवले. माझी पाठ स्टेजकडे झाली.

चीज संपत आली हे मला कळत होते. कान मोकळे होते. मी मान वळवली आणि नारळासकट उजवा हात वर केला. लोकांना वाटले मी सत्काराचा नारळ दाखवतो आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

बाकी सगळे थांबले. भीमाशंकर वाजवत राहिला. एकटा बास म्हणजे काय, तर नुसते भों, भों. त्याच्यावर गाणे नसते. आधी दोघे-तिघे हसले, मग मागच्या रांगेतील पोरांनी त्याच्या ठोक्यावर टाळ्या धरल्या. ते हात हलताना त्याला दिसत असणार. तो अजून जोराने फुंकू लागला. मॅडमनी काठी खाली ठेवून दोन्ही हात हलवले. तो मॅडमकडे बघत नव्हता. तो माझ्याकडे बघत होता. मी सरांचा हात झटकला, नारळ खाली टाकला आणि मूठ उचलली.

तो त्या क्षणी थांबला. मग त्याने उजवीकडे बघितले, डावीकडे बघितले. सगळ्यांची वाद्ये मांडीवर होती.

पडदा पडल्यावर मी स्टेजच्या मागे गेलो. महादेवप्पा सर निघताना त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "अशी चिकाटी आमच्या पोरांत पाहिजे हो!" सर चेष्टेने म्हणाले की मनापासून, मला समजले नाही. काही विद्यार्थी त्याच्याबरोबर फोटो काढत होते. त्यांतले दोघे मागे उभे राहून गाल फुगवत होते. एकाने मोबाइलवरचा तो फोटो त्यालाच दाखवला. भीमाशंकरने तो नीट धरून बघितला आणि परत दिला.

मी त्याला म्हणालो, "हात भरले होते रे."

तो म्हणाला, "हाव, बघितलं ना. पर नारळाचं आपलं काई ठरलं नव्हतं मास्तर." मग माझ्या खांद्यावरची शाल चिमटीत धरून म्हणाला, "शाल मातर चांगली हाय." मग म्हणाला, "चा पिऊन येतो."

मला वाटले, कॅन्टीनला गेला. आम्ही वाद्ये पेट्यांत भरायला लागलो. त्याचा बास यासेरने पुसला. पुढे चहावाल्याकडे विचारले, तर असा कोणी आला नाही म्हणाला. आम्ही गेट, बसस्टँड, रिक्षास्टँड बघितले. रेल्वेकडे कोणी गेले नाही. फाटक हॉलच्या मागच्या अंगाला आहे हे आम्हाला माहीत नव्हते.

रेल्वेगाडीच्या ड्रायव्हरने कळवले ते मला वाचून दाखवण्यात आले. उजेड होता. एक इसम गाडीकडे पाठ करून रुळावर बसलेला दिसला, लांबून हॉर्न दिला, सारखा दिला, असे त्यात आहे. रुळावर का बसला असेल, असे मला विचारले. आपल्याकडे माणसे कट्ट्यावर बसतात तशी रुळावर बसतात, लातूर रोड स्टेशनला रोज बसलेली दिसतात. यात वेगळे काही नाही.

त्याची बहीण नागुबाई सकाळच्या गाडीने आली आहे आणि बाहेर बाकावर बसली आहे. तिने मला आत येताना धरून सांगितले, "वाजिदभाऊ, माजा भाऊ लाजंनं मेला असं लिवू दिऊ नका. भूकंपानं न्हाई मेला त्यो, आन् पोरांच्या हासन्यानं मरंल व्हय? भावकी मला तोंड दाखवू द्यायची न्हाई." म्हणून मी हा जबाब द्यायला स्वतःहून आलो.

माझे म्हणणे स्पष्ट आहे की, हा अपघात आहे. भीमाशंकरला हॉर्न ऐकू येणे शक्य नव्हते. हे इतकी वर्षे मी लपवले, आज सांगतो, कारण सांगितल्याशिवाय उपाय नाही. त्याला रेल्वे लांबूनच कळते असे मी भाषणात बोललो त्याचा व्हिडिओ आहे, तर मग त्याला गाडी कळली कशी नाही, असे साहेबांनी विचारले. त्याचे उत्तर बूट. ठोका कळत नव्हता त्या बुटात, तर गाडी काय कळणार? पाय मोकळे असते तर गाडी कोसभर लांब असताना तो उठून उभा राहिला असता. वीस वर्षे मी हे डोळ्यांनी बघितले आहे. जागेवर बूट मिळाले नाहीत, परंतु धडकेने बूट लांब उडतात आणि शोध चालू आहे, असे साहेबांनीच मला सांगितले. त्याने जीव दिला असा माझा संशय नाही. कोणावर तक्रारही नाही. बूट मी घेतले होते, एवढे लिहून घ्यावे.

हा जबाब हवालदार साहेबांनी दार उघडे ठेवून मोठ्याने वाचला, म्हणजे नागुबाईलाही ऐकू जावा. मी बोललो तसाच तो कागदावर आला आहे, त्यात कोणाची भर नाही, असे सांगून मी सहीला पेन घेतले. तेवढ्यात यासेर हॉलमध्ये राहिलेले सामान घेऊन आला. दारातच म्हणाला, "अब्बा, ये भीमाचाचा के बूट. कुर्सी के नीचे रखे थे."

मोजे घडी करून बुटांच्या आत ठेवलेले होते. नागुबाई उठून आत आली. तिने एक बूट हातात घेतला, अंगठ्याने त्याचा तळ दाबून बघितला आणि टेबलावर जोडीने ठेवला.

हवालदार साहेबांनी मला विचारले, "मास्तर, हे लिहू का राहू देऊ?"

मी नागुबाईकडे बघितले. ती म्हणाली, "लिवा."

म्हणून पुढे सांगतो की, समोर ठेवलेले बूट मी ओळखले, ते भीमाशंकरचेच आहेत. रुळावर तो अनवाणी होता. गाडी आली तेव्हा तो उठला नाही.