सरांची रेषा

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती आमचे सर, आणि जागा नसल्यामुळे भिंतीला टेकून उभे असलेले माझे सहकारी,

सरांबद्दल बोलायचं तर सुरुवात कुठून करावी? मागच्या पडद्यावरच्या तळहातापासूनच करते. हे सरांच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ. ठशात मधोमध आडवी पांढरी रेघ दिसतेय ना, तीच प्रसिद्ध 'सरांची रेषा'. आकडी येणाऱ्या मुलांच्या हातावर ती असतेच, म्हणे. यापुढे शाळेत घेण्याआधी प्रत्येक मुलाचा हात तपासायचा, अशी घोषणा अध्यक्ष आज करणार आहेत. टाळ्या जरा राखून ठेवा.

तो हात माझा आहे.

दचकू नका, सर. इतकी वर्षं तुमच्या हाताखाली राबले, तुम्ही ओळखलं नाहीत.

मी सहा वर्षांची होते. आकडी यायची, खोटं कशाला बोलू? दवाखान्यात सरांनी मनगट धरून शाई फासली आणि मी भेदरून मूठ आवळली. ती जेमतेम उघडून त्यांनी हात कागदावर दाबला. म्हणाले, "घाबरू नकोस, दुखत नाही." तळव्याला घडी पडली होती, तेवढा भाग कागदाला टेकलाच नाही. झाली रेषा! निरोगी मुलांचे ठसे मात्र शाळेत घेतले, खेळ म्हणून, वर्गातल्या बाईंच्या शेजारी. ती पोरं कशाला मूठ आवळतील?

माझी आकडी औषधानं थांबली. पण सरांनी आईला सांगितलं होतं, ही खूण पोटातच उमटते, तेव्हा तुमचंच काहीतरी चुकलं असणार. मुलीला शाळेत घालू नका. भाऊ दप्तर घेऊन निघायचा आणि मी खिडकीत. आई जातानासुद्धा विचारत होती, "मी तेव्हा काय खाल्लं असेन गं?" त्या एका प्रश्नासाठी मी उशिरा का होईना शिकले, डॉक्टर झाले आणि मुद्दाम याच विभागात अर्ज केला.

गेल्या आठवड्यात चहाच्या वेळी सरांना एक ठसा दाखवला. नात्यातल्या बाईंचा आहे, म्हटलं. सरांनी भिंग लावून पाहिला आणि सगळ्यांदेखत खाली लिहून दिलं: 'रेषा नाही. हिला जन्मात आकडी आलेली नाही.' सही केली, बिस्किटही खाल्लं. तो ठसा माझाच, आत्ताचा; बारीक रेषा मुखपृष्ठाशी जुळवून पाहा, त्याच आहेत. आणि तळहाताचा ठसा जन्मभर बदलत नाही, हे सरांच्याच पुस्तकाचं पहिलं वाक्य आहे.

मला सूड घ्यायचा होता. घेतला. बरं वाटतंय.

अध्यक्ष महोदय, घोषणेचा कागद खिशात ठेवलात, मनापासून आभारी आहे. एवढा वेळ ऐकून घेतलंत, तुम्हा सर्वांचेही आभार. बोलण्यात काही उणं राहिलं असेल तर क्षमा असावी. जास्त झालं असेल तर ते मुद्दामच.

आता विभागातर्फे भेट: दोन्ही ठसे एकाच चौकटीत. सर, हात पुढे करा. मूठ कशाला आवळताय? घाबरू नका, दुखत नाही.