माझी पोलादी टेप आणि पोरींचा कोल्हा

नाव : सगळे सुतारमामा म्हणतात, तेच लिहावे. वय : ५१ वर्षे. धंदा : सुतारकाम, स्वतःचे दुकान. राहणार : दुकानाच्या वरचा मजला.

मी समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की, वरील ठिकाणी मी पत्नी, कॉलेजात शिकणारी मुलगी व मेहुणा यांच्यासह राहतो.

आज सकाळी मी कपाटाला बिजागऱ्या बसवत असताना पोलीस ठाण्यातून फोन आला, की तुमची मुलगी व तिच्या दोन मैत्रिणी हत्यारासारखी वस्तू घेऊन ठाण्याभोवती संशयास्पदरीत्या फिरताना मिळाल्या आहेत. अंगावरचा भुसा न झटकता मी आलो. तिघी बाकावर बसल्या होत्या. एकही रडत नव्हती. उलट माझी मुलगी म्हणाली, "बाबा, लवकर सोडवा ना, वेळ चाललाय!"

हवालदारसाहेबांनी मला वस्तू दाखवली. प्लास्टिकच्या पाइपावर पिवळ्या पोलादी पट्टीचे तुकडे आडवे बसवलेले होते. एका तुकड्यावर माझ्या पटाशीचा ओरखडा होता. मी ओरडलो, "अगं कार्टे, ही तर माझी टेप!" सदर टेप चार दिवस बेपत्ता होती. तिच्यापायी मी घर डोक्यावर घेतले होते आणि मेहुण्यावर आळ घेतला होता. मेहुण्याचे लिहू नका असे मी म्हणालो, परंतु सांगितलेले सगळे लिहावे लागते असे साहेबांनी कळवले.

मुलीने खुलासा केला तो असा. तिघी हौशी रेडिओवाल्या आहेत. परीक्षा देऊन परवाना मिळवला आहे, तो मी पाहिला. आज त्यांच्या क्लबचा खेळ होता. क्लबच्या सरांनी रेडिओलहरी सोडणारा एक डबा गावात कुठेतरी लपवला होता, त्याला ही पोरे कोल्हा म्हणतात. डबा स्वतः गप्प असतो, पण त्याची पिकपिक हेडफोनमध्ये ऐकू येते. टेपची ही अँटेना ज्या दिशेला धरल्यावर आवाज वाढेल, त्या दिशेला कोल्हा. टेपच का, तर ती दारात अडली की वाकते आणि परत ताठ होते. "दुसरं काही इतकं छान वाकत नाही, बाबा," असे ती म्हणाली. माझी टेप चांगली होती, हे मी नाकारत नाही.

जो संघ कोल्हा आधी शोधेल, त्याच्याकडे क्लबचा मोठा रेडिओ वर्षभर राहणार होता. त्यासाठी टेबल करून द्या, अशी भुणभुण मुलीने महिनाभर लावली होती. "आधी रेडिओ तर आण," असे मी म्हणालो होतो. बाहेरच्या माणसाने कोल्हा दाखवला तर संघ बाद, असा नियम आहे.

हवालदारसाहेबांचा विश्वास बसेना. ते म्हणाले, "पोरींनी हात लावायचा नाही. मामा, तुम्ही चालवून दाखवा." मी हेडफोन लावून अंगणात अँटेना फिरवली. खिडकीखालच्या पाण्याच्या पिंपाकडे तोंड होताच पिकपिकीने माझ्या कानठळ्या बसल्या. मुलगी माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. पिंपामागे मला काहीही दिसले नाही. केशरी डबा तर मुळीच दिसला नाही. मी झाडाकडे वळून म्हणालो, "छे! मला नाही बुवा यातलं काही कळत."

"द्या त्यांच्याकडे. तुमच्याच्यानं व्हायचं नाही," असे साहेब म्हणाले.

मुलगी अँटेना घेऊन एकदा गोल फिरली. इतक्यात फाटकातून दुसरा संघ धावत आला. त्यांच्या हातातही तसलीच अँटेना होती, म्हणजे आणखी कुणाच्या तरी घरची टेप गेली. मुलीने पिंपाकडे झेप घेतली. "सापडला!" तिघींनी अशी आरोळी ठोकली की कोठडीतला इसमही टाळ्या वाजवू लागला.

नंतर मोठे साहेब आले. डबा इथे ठेवायची परवानगी त्यांनीच सरांना दिली होती, ठाण्यात सांगायचे राहून गेले होते. हवालदारसाहेबांनी कपाळावर हात मारला व सर्वांना चहा पाजला.

टेपबाबत माझी इथे कोणाविरुद्ध तक्रार नाही. घरची तक्रार घरी बघेन. सरांनी रेडिओ ठाण्यातच आणून दिला. टेप नसल्याने मी तो वितीने मोजला, दोन विती चार बोटे भरला. गिऱ्हाइकासाठी राखलेली चांगली फळी दुकानात आहे, ती आता गिऱ्हाइकाला मिळणार नाही.

हवालदारसाहेबांनी हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. पिंपाच्या वाक्यावर ते थांबले, माझ्याकडे बघितले आणि पुढे वाचू लागले. जबाब मी सांगितला तसाच आहे व बरोबर आहे.